सातवा गुलमोहर

सोमवारी सकाळी शांतम्मानं दार उघडलं तर समोरच्या सातव्या गुलमोहराखाली पाकळ्यांचा सडा पडलेला होता. काल संध्याकाळपर्यंत एक पाकळी खाली नव्हती.

मार्गशीर्षात गुलमोहर फुलत नाही, हे परभणीतलं शेंबडं पोरही सांगेल. टेसनापासून धान्याच्या मोंढ्यापर्यंत निजामाच्या तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यानं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही झाडं लावली आणि शहरानं ती डोक्यावर घेतली. वैशाखात टांगेवाले घोडी त्यांच्याच सावलीला सोडत, पोरं फुलांतले तुरे एकमेकांत अडकवून झुंजी लावत, बाया जाता जाता आंबट पाकळी तोंडात टाकत. पण आता थंडी पडली होती. ओळीतल्या सगळ्या झाडांवर नुसत्या काळ्या शेंगा खुळखुळत होत्या, आणि हा एकटा सातवा, विरुपाक्षप्पांच्या दारासमोरचा, शेंड्यापासून खालपर्यंत लाल होता. आठ दिवस झाले होते. टांगेवाल्यांनी घोडी हलवली होती आणि त्याच्यावर पाखरू बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

असा अवेळी तो याआधी दोनदा फुलला होता. दोन्ही वेळा निला बाळंतपणाला माहेरी आलेली होती. दोन्ही वेळा ज्या दिवशी झाडानं शेवटची पाकळी टाकली त्याच दिवशी निलाचं बाळ पोटातल्या पोटात गेलं. आता तिसऱ्यांदा तिला सातवा महिना लागला होता.

झाडाखाली कोण बसलंय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लिंगायतांत मेलेल्याला जाळत नाहीत. खोल खड्ड्याच्या कडेला कोनाडा करून त्यात मांडी घालून बसवतात, आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग त्याच्या चांदीच्या डबीसकट डाव्या तळहातावर ठेवतात. मग विभूती आणि बेलाची पानं भरून माती लोटतात. वीस वर्षांमागं मानमोडीच्या तापाच्या साथीत निलाची आई उमादेवी गेली, तेव्हा इथं रस्ता नव्हता, लिंगायतांची रुद्रभूमी, म्हणजे दफनाची जागा होती. पुढं रस्ता आला. बाकीची माणसं मिलच्या मागच्या नव्या जागेत हलवली. उमाला मात्र विरुपाक्षप्पांनी हलवू दिलं नाही. तिच्या डोक्यावरून गाड्यांची चाकं जाऊ नयेत म्हणून त्यांनी तामीरातचा माळी आश्रुबा याला गाठलं आणि नेमकं त्या जागेवर सातवं रोप लावून घेतलं. बायको गेल्यावर माणसानं दुसरं काय करावं, असं तेव्हा लोक कौतुकानं म्हणाले होते. उमा गेली त्याच वर्षात त्यांनी मेहुणी करून घेतली होती, हेही लोक म्हणत, पण हळू आवाजात.

ती मेहुणी म्हणजे शांतम्मा.

आणि आज उमाला वर काढायचं ठरलं होतं. थोरले दीर शिवलिंगप्पा तालुकदार कचेरीतून इजाजत घेऊन आले होते. शांतम्मानं पाकळ्या झाडून टाकायला हातात खराटा घेतला, पुन्हा कोपऱ्यात ठेवला, आणि पदराआड हात घालून गळ्यातली लिंगाची डबी घट्ट धरली. ती डबी तिची नव्हती. उमाची होती.

हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. दोघी बहिणींना वडिलांनी चारठाण्याच्या एकाच सोनाराकडून एकसारख्या डब्या करून दिल्या होत्या. फरक इतकाच, की थोरलीच्या झाकणात आतून बेलाचं एक पान कोरलेलं आणि धाकटीच्या दोन. मानमोडीच्या त्या आठवड्यात गल्लीतून रोज तीन-चार माणसं जात होती. बहिणीची शुश्रूषा करायला आलेली पंधरा वर्षांची शांता स्वतःच तापानं फणफणली होती. त्या सकाळी दोघींना अंघोळ घातली, एकीला मेली म्हणून आणि दुसरीला ताप उतरला म्हणून, आणि दोघींच्या डब्या एकाच ताटात ठेवल्या. विधी करायला आलेले जंगम, गुरुलिंग अय्या, घाईत होते. पुढच्या घरी जायचं होतं. "उमाची कोणती?" त्यांनी विचारलं, आणि शांतानं एक उचलून दिली.

तिसऱ्या दिवशी पूजेला डबी उघडली तर आत एक पान.

त्या क्षणी ओरडली असती तर निभावलं असतं. पोरगी तापातून उठलेली होती, कोणी दोष दिला नसता. पण बहिणीला पुन्हा उकरतील या भीतीनं ती गप्प बसली. मग लग्नाचं बोलणं निघालं, आणि आता सांगितलं तर लोक काय म्हणतील म्हणून गप्प बसली. मग आठ महिन्यांची निला तिच्या मांडीवर आली, आणि गप्प बसायला दुसरं कारण लागलं नाही. चुकून दिली होती की जाणून, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. एवढं मात्र तिला कळत होतं, की तिचं स्वतःचं लिंग त्या झाडाखाली आहे आणि झाड तिला ओळखतं. तीन वर्षांमागं मिरवणुकीला आड येते म्हणून त्याची एक फांदी तोडली तेव्हा हिचा डावा खांदा महिनाभर वर होत नव्हता. पोटी मूल झालं नाही. मेलेल्या बाईला कुठलं होणार, असं तिला कधी कधी वाटे आणि अंगावर काटा येई.

आत विरुपाक्षप्पा कपाळाला विभूती लावत होते. ती दाराशी उभी राहिली.

"अवं, झाड पाकळ्या टाकायलंय. अशात माती उकरली अन् पोरीला काही झालं मंजे?"

"मी कुठं उकरा म्हणायलोय? दादाच्या मनानं घेतलंय."

"मंग न्हाई म्हणा की. तुमची बायको हाय ती."

आप्पांनी आरशातून तिच्याकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. "व्हय, माझी बायको हाय," ते म्हणाले. "सांगतो दादाला. बसली हाय तिथं बसू द्या तिला." शांतम्माचा जीव भांड्यात पडला. या एका बाबतीत नवरा तिच्या बाजूचा होता, त्याची कारणं काही का असेनात.

बैठकीत शिवलिंगप्पा गादीवर बसले होते, कागद मांडीवर उघडा. शेजारी म्हातारे गुरुलिंग अय्या, त्याच वेळचे, आता डोळ्यांनी अधू झालेले. जाऊबाई नर्मदाबाई उंबऱ्याच्या आत, पण आवाज बाहेरपर्यंत जाईल अशा बेतानं बसलेल्या. त्यांना आयुष्यात कुठल्याही बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं आणि एकही बैठक त्यांच्याशिवाय झाली नव्हती.

"सूर्य मावळायच्या आत उरकायचं," शिवलिंगप्पांनी वाचून दाखवलं. "रस्ता अडवायचा न्हाई. झाडाला इजा करायची न्हाई. इजाजत आजच्यापुरती हाय."

"दादा, राहू द्या तिला," विरुपाक्षप्पा म्हणाले. "वीस वर्षं झाली. शांत बसली हाय."

"शांत?" नर्मदाबाई आतून म्हणाल्या. "दोन लेकरं खाल्ली तिनं, अन् तुमी शांत म्हणायलाव भाऊजी? सगळ्या सोबत्यांना नव्या जागेत नेलं, ती एकटीच रस्त्यात. ती का गप बसंल?"

"जाऊबाई, तिच्यावर कामून घालायलाव?" शांतम्मा म्हणाली. "थंडीचं झाड फुललं, फुललं. कुठल्या पाण्यानं फुललं असंल."

नर्मदाबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं. "तुला लय पुळका आला गं. सख्खी बहीण हाय तुझी. तिला धड जागा मिळावी असं तुलाच पयलं वाटाय पायजे का न्हाई? तोंड बघ कसं पांढरं पडलंय."

शांतम्मानं पदर तोंडावर ओढून घेतला. अय्या मान हलवत राहिले, कोणाच्या बाजूनं ते कळत नव्हतं.

"बाईचा धनीच न्हाई म्हणतो," शिवलिंगप्पा कागदाची घडी घालत म्हणाले, "तर मी तरी काय करू? अर्जी माझी, पण बायको त्याची."

प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण भिंतीला धरून निला बाहेर आली. पोट पुढं आलेलं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. बैठकीतल्या पुरुषांसमोर ती कधी आली नव्हती. कोणी तिला आत जा म्हणालं नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "मी आईचं तोंड बघितलं न्हाई. चारठाण्याचे आजोबा सांगायचे, तुझ्या आईच्या डबीत आतून एक बेलाचं पान हाय म्हून. मला तेवढं पान बघायचंय. आई, तुझं नातरू हाय, त्याला नको नेऊ, असं तिच्यापशी तोंडानं म्हणायचंय. रस्त्यावर उभं राहून झाडाला कसं म्हणू?"

"निला, गरवार बाईनं उकरलेल्या मातीपशी जाऊ न्हाई," शांतम्मा घाईनं म्हणाली.

"दोनदा घरातच बसले होते की मी, मावशी. काय झालं?"

मावशी. शांतम्मानं तिला न्हाऊमाखू घातलं, गोवराच्या तापात अकरा रात्री मांडीवर घेऊन बसली, लग्नात कन्यादानाला तीच बसली. पण नर्मदाबाईंनी पोरीला पहिल्यापासून शिकवलं होतं, ही मावशी, आई वर गेली. शांतम्मानं कधी दुरुस्त केलं नाही. कुठल्या तोंडानं करणार होती?

विरुपाक्षप्पांनी लेकीच्या पोटाकडं पाहिलं आणि खाली मान घातली. "बोलवा आश्रुबाला," ते म्हणाले. शांतम्माच्या बाजूला आता कोणी उरलं नाही.

दुपारी झाडाभोवती कापडाची कनात लावली. बाहेर बघे जमले होते, टांगे थांबले होते, आणि कोणीतरी फुटाणेवालाही येऊन उभा राहिला होता. आश्रुबानं झाडाला हात जोडले, बुंध्यापासून दोन हात सोडून कुदळ टाकली. पहिला घाव पडला आणि शांतम्माचा डावा खांदा आतून ठणकला. तिनं पदर दातात धरला.

वारं नव्हतं. बाकीच्या झाडांच्या शेंगासुद्धा हलत नव्हत्या. पण सातव्याच्या पाकळ्या पडत होत्या, एकसारख्या, आणि पडत होत्या त्या फक्त कनातीच्या आत. बाहेरच्या माणसांच्या अंगावर एक पडली नाही. आश्रुबाची पाठ लाल झाली तसा तो एकदा थांबला आणि वर पाहून पुन्हा खणू लागला. पुरुषभर खोल गेल्यावर विभूतीचा वास आला, काल लावल्यासारखा ताजा.

"अय्या," खड्ड्यातून आश्रुबा म्हणाला, आणि त्याचा आवाज बदललेला होता. "बाई बसल्याच हायत."

सगळे कडेला आले. वीस वर्षांत हाडं ढासळून ढीग व्हायला हवा होता. पण गुलमोहराची मुळं कोनाड्यात उतरली होती, पाठीच्या कण्यामागून, बरगड्यांमधून, मानेखालून गेली होती, आणि त्यांनी तिला धरून ठेवलं होतं. म्हणून ती अजून ताठ बसलेली होती. मांडी तशीच, डावा हात मांडीवर तसाच. त्या तळहाताभोवती बारीक मुळांचे वेढेच वेढे पडलेले, आणि त्यांच्या आत चांदी काळपटून चमकत होती.

निलानं हात जोडले.

"पयली डबी काढा," अय्या म्हणाले. "डबी आपल्या हातात आल्याबिगर तिला उचलायचं न्हाई."

आश्रुबानं ओढून पाहिलं. डबी हलली नाही. मुळं तोडायला त्यानं कोयता घेतला, पातं टेकवलं आणि मागं घेतलं. "माझ्यानं न्हाई व्हायचं मालक. मीच लावलंय हे झाड. मूळ हाताला गरम लागायलंय."

विरुपाक्षप्पा खाली उतरले. वीस वर्षांनी त्यांनी पहिल्या बायकोच्या हाताला हात लावला. मुळं सैल झाली नाहीत. ते घामाघूम होऊन वर आले आणि कोणाकडं न बघता बाजूला जाऊन उभे राहिले. मग निला कडेला आडवी झाली, नर्मदाबाईंनी तिला कमरेला धरलं, आणि तिनं हात खाली घालून बोटांनी ती डबी चाचपली. "आई, सोड की गं," ती म्हणाली. "आई, मी निला हाय." मुळं आणखी आवळल्यासारखी झाली. वर पाहिलं तर अर्धं झाड बोडकं झालेलं होतं. पाकळ्या आता झपाझप गळत होत्या, कनातीत घोट्याएवढा थर साचला होता.

निलानं एकदम हात वर घेतला आणि पोट धरलं. "मावशी," ती म्हणाली, "हालायचं थांबलंय."

तेव्हा शांतम्माच्या मनातला सगळा हिशेब संपला. लोक, नवरा, जाऊ, वीस वर्षं, काही उरलं नाही. हे पोर गेलं तर ते आपल्या गप्प बसण्यानं जाईल, एवढंच तिला कळलं. तिनं पदर खोचला आणि कोणी अडवायच्या आत ती खड्ड्यात उतरली.

बहिणीच्या समोर ती गुडघ्यावर बसली. "उमाक्का," ती हळूच म्हणाली, "माझं मला दे." तिनं बोटं लावली आणि मुळं सुटली. एकेक वेढा आपोआप उलगडत गेला आणि डबी तिच्या तळहातावर येऊन बसली, आपल्याच गळ्यातून काढावी इतकी सहज. वरच्या लोकांनी ते पाहिलं. नर्मदाबाईंच्या तोंडून पहिल्यांदाच काही आलं नाही.

वर आल्यावर तिनं डबी निलाच्या पुढं धरली. झाकण उघडलं. आत दोन पानं होती.

निलानं त्या पानांवरून बोट फिरवलं. "आजोबा चुकले असतील," ती म्हणाली.

"न्हाई चुकले." शांतम्मानं गळ्यातला दोरा काढला, दुसरी डबी उघडून तिच्याशेजारी धरली. एक पान. "ही तुझ्या आईची. वीस वर्षं माझ्या गळ्यात हाय. त्या दिशी मी ताटातून चुकीची उचलून दिली. तिसऱ्या दिशी मला कळलं. मी बोलले न्हाई." बोलून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची भीतीही वाटली.

"चुकीची म्हणं," नर्मदाबाईंना वाचा फुटली. "बहिणीचा देव घेतला, बहिणीचा नवरा घेतला, अन् वर चुकून. हिला घरात ठेवायचं न्हाई आता. गरवार पोरीवर हिची सावली बी नको."

"हळू बोल," शिवलिंगप्पा म्हणाले. "कनातीच्या पल्याड दोनशे माणूस उभं हाय. उद्याच्याला निलाच्या सासरी जाईल हे."

सगळ्यांनी अय्यांकडं पाहिलं. म्हाताऱ्यानं दोन्ही डब्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या. "मी विचारलं होतं," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे बोलले. "तेव्हाच विचारलं होतं." मग त्यांनी निवाडा सांगितला. मातीत गेलेलं लिंग पुन्हा अंगावर चढवता येत नाही. हिनं उमाचं लिंग उमाला परत करावं, मठात जाऊन नव्यानं दीक्षा घ्यावी. पण तोवर हिच्या अंगावर लिंग नाही, म्हणजे हिला या घरात राहता येत नाही, पोरीला शिवता येत नाही. आणि वीस वर्षं उमाच्या लिंगावर केलेला संसार, त्याला काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नाही.

"न्हाईतर?" विरुपाक्षप्पांनी विचारलं. खड्ड्यापाशी आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"न्हाईतर शास्त्र सरळ हाय. मी ज्याचं लिंग हातावर ठेवून मंत्र म्हणला तेच माणूस लिंगैक्य झालं, मंजे गेलं. ह्या लिंगाची धनीण शांतम्मा. मी शांतम्माला बसवलं. अन् उमाचं लिंग ज्याच्या गळ्यात हाय," अय्या थांबले, "ते अजून चालतंबोलतं हाय."

शांतम्माला वाटलं, हे हसण्यावारी नेतील. मी इथं उभी आहे, माझे हात मातीनं भरलेत, माझा खांदा दुखतोय. ती तोंड उघडणार तेवढ्यात निला पुढं आली आणि तिच्या गळ्यात पडली.

"आई," ती म्हणाली.

शांतम्मा जागच्या जागी थिजली. वीस वर्षं ज्या शब्दासाठी ती आतल्या आत कुढली, तो शब्द पोरीनं तिच्या मानेत तोंड खुपसून म्हटला होता. पण तो तिला म्हटलेला नव्हता.

"तू इथंच होतीस," निला रडत म्हणत होती. "मला न्हाऊ घातलंस, माझ्यापशी निजलीस, अन् मी येडी झाडापशी शोधायले. खाली मावशी होती. मावशीला काढलंच न्हाई कोणी. म्हून ती रागावली होती. आई, हात लाव बघ, हालायलंय."

शांतम्मानं तिच्या पोटाला हात लावला. बाळानं आतून ढुशी दिली. वर सातव्या गुलमोहरावर थोडी फुलं उरली होती. त्यातली एकही पाकळी आता पडत नव्हती.

शिवलिंगप्पांनी भावाकडं पाहिलं, भावानं अय्यांकडं, अय्यांनी जमिनीकडं. खाली बसलेली शांतम्मा आणि वर उभी ती उमा, हे सगळ्यांच्या सोयीचं होतं आणि ते सगळ्यांना एकाच वेळी कळलं. नर्मदाबाईंनासुद्धा. त्या पुढं झाल्या, शांतम्माच्या अंगावरची माती पदरानं झटकली आणि म्हणाल्या, "तरी मी म्हणायचे. कारलं खायला लागली, डाव्या हातानं भांग पाडाय लागली. समदी लक्षणं उमाचीच." असलं काही त्या याआधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

"मी शांता हाय," असं म्हणायला एक क्षण पुरला असता. निला तिच्या अंगाला बिलगून उभी होती, बाळ तिच्या हाताखाली हलत होतं. ती गप्प बसली. गप्प बसायची तिला सवय होती.

दिवस कलताना मिलमागच्या रुद्रभूमीत नवा कोनाडा तयार झाला. नव्या पांढऱ्या वस्त्रात हाडं बसवली, हातावर दोन पानांची डबी ठेवली. पुरुष, बाया, आश्रुबा, सगळे गोल उभे राहिले. एक पानाची डबी तिच्या गळ्यात परत आली होती. दोरा अय्यांनी आपल्या हातानं बांधला होता.

माती लोटायच्या आधी नाव घ्यायचं असतं, आणि ते रक्ताच्या जवळच्या माणसानं घ्यायचं असतं. अय्यांनी विभूतीची मूठ भरली, खड्ड्यावर धरली आणि विचारलं, "कोणाला बसवलंय?"

तिनं गळ्यातली डबी मुठीत धरली. अय्यांनी पुन्हा विचारलं. निलानं तिचा हात दाबला.

"शांतम्माला," ती म्हणाली.

विभूती पडली. मग आश्रुबानं पहिलं फावडं टाकलं, मग दुसरं. शिवलिंगप्पा नारळ फोडायला वळले. विरुपाक्षप्पा तिच्या जवळ आले. रात्रंदिवस वीस वर्षं जवळ असलेला माणूस, पण त्यांच्या तोंडावर असला उजेड तिनं आजवर पाहिला नव्हता. वीस वर्षं हा माणूस कोणाची वाट बघत होता, हे तिला तेव्हा कळलं.

"चल उमा," ते म्हणाले. "पोरीला गारवा बाधंल."

ती दोन पावलं चालली आणि मग तिला रडू कोसळलं. ती खाली बसली, मातीवर हात आपटून रडली, शांते, माझे शांते, म्हणून गळा काढून रडली. कोणी तिला अडवलं नाही. नर्मदाबाई शेजारच्या बाईला म्हणाल्या, रडू दे, धाकटी बहीण होती तिची, लय जीव होता दोघींचा.